सव्वा महिन्यानंतर

कृष्णा, कोयना आणि वारणा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला जो मुलूख आज सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या नावांनी सरकारी दफ्तरांत नोंदलेला आहे, त्याची वाटणी तशी फार जुनी नाही. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातील काही तालुके आणि सांगली, मिरज, जत यांसारख्या विलीन झालेल्या संस्थानांचा प्रदेश एकत्र करून दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा करण्यात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. हद्दी बदलल्या, कचेऱ्या वेगळ्या झाल्या. परंतु वाई-जावळीपासून जत-आटपाडीपर्यंत घरात तान्हे मूल आले म्हणजे जे आचार पाळले जातात, ज्या वस्तू जमवल्या जातात आणि ज्या माणसांना हक्काने बोलावणे धाडले जाते, त्यांत या हद्दींनी फारसा फरक पाडला नाही. लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी करावे, पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा करावी, बाराव्या दिवशी बारसे करून घुगऱ्या वाटाव्यात आणि सव्वा महिना पुरा होईपर्यंत बाळंतिणीने जड कामाला हात लावू नये, ही रीत आजही अनेक घरांत निष्ठेने पाळली जाते. या सव्वा महिन्यात आपल्या समाजाने आईसाठी काय योजून ठेवले आणि तो सरल्यावर काय करायचे राहून गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सव्वा महिन्याच्या या व्यवस्थेकडे केवळ सोवळ्याओवळ्याचा एक प्रकार म्हणून पाहणे योग्य होणार नाही. तिच्यात विटाळाची कल्पना होती आणि त्या कल्पनेपायी शेकडो बाळंतिणींना कोंदट, काळोख्या खोलीत दिवस काढावे लागले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या कल्पनेच्या आडून का होईना, घरातील कामाची एक काटेकोर वाटणी झालेली असे. पहाटे चूल पेटवून पाणी तापवायचे काम एकीचे. बाळाला पायांवर घेऊन तेल जिरवणारी, टाळू भरणारी, न्हाऊ घालून वेखंड-ओव्याच्या धुरीवर धरणारी आणि कुंचीत गुंडाळून निजवणारी अनुभवी बाई दुसरी. बाळंतिणीसाठी अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी आणि वर तुपाची धार यांची तजवीज करणारी तिची आई. आणि थोरल्या भावंडाला मळ्यात, देवळात, शेजारीपाजारी फिरवून आणून रमवणारा आजा किंवा मामा. ज्या बाईचा एरवीचा दिवस पहाटेच्या धारांपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत अखंड कष्टात जातो, तिला आयुष्यात बहुधा याच काळात कोणी हातात ताट आणून देत असे. बाळंतविडा घेऊन येणाऱ्या बायकाही बाळासाठी अंगडे-टोपडे आणताना आईसाठी खोबरे, खारीक, सुंठ, बडीशेप आणायला विसरत नसत.

आजच्या वैद्यकशास्त्रानेही या व्यवस्थेतील मूळ तत्त्वाला मान्यता दिलेली आहे. प्रसूतीनंतर शरीर पूर्ववत होण्यास साधारण सहा आठवडे लागतात असे वैद्यक मानते, आणि आपल्या आज्या-पणज्यांचा सव्वा महिना त्याच्या जवळपासच येतो. या काळात विश्रांती हवी, पौष्टिक अन्न हवे, आणि बाळ रात्री दर दोन-तीन तासांनी दुधासाठी उठत असल्याने दिवसा आईला झोप मिळेल अशी सोय हवी, याविषयी आजीचे आणि डॉक्टरांचे दुमत नाही. दुमत आहे ते तपशिलात, आणि तो तपशील बाळाच्या जिवाशी निगडित असल्यामुळे प्रत्येक घराने तो नीट समजून घेतला पाहिजे. बाळंतपणानंतर येणारे पहिले घट्ट, पिवळसर चिकाचे दूध जड म्हणून पिळून टाकण्याची जुनी रीत होती. वस्तुतः रोगप्रतिकाराचे पहिले बळ बाळाला त्या दुधातूनच मिळते, म्हणून जन्मानंतर पहिल्या तासाच्या आतच बाळाला अंगावर घ्यावे असे डॉक्टर सांगतात. सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधावाचून बाळाला कशाचीही, उन्हाळ्यात पाण्याचीसुद्धा, गरज नसते. मध तर वर्षाच्या आत मुळीच चाटवू नये, कारण त्यातून होणारी विषबाधा तान्ह्या मुलाच्या बाबतीत प्राणघातक ठरू शकते. मुरुडशेंग, हळकुंड, सुंठ, बाळहिरडा, जायफळ यांचे वेढे सहाणेवर उगाळून केलेली बाळगुटी आज्यांच्या मायेने भारलेली असली, तरी सहाण आणि पाणी निर्जंतुक नसेल तर तीच जुलाबाचे कारण होते. बाजेखाली ठेवलेली निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत विषारी वायू सोडते, म्हणून शेक-शेगडी करावयाचीच असेल तर खिडकी-दार उघडे ठेवूनच करावी. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे ही समजूतही सोडून देण्याजोगी आहे. दूध पाजणाऱ्या आईला पाणी अधिकच लागते. यापैकी कोणत्याही सुधारणेने सव्वा महिन्याच्या व्यवस्थेतील माया कमी होत नाही, आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांचा मान राखून त्यांना हे सांगितले तर त्या ते ऐकतात, असा गावोगावच्या आशाताईंचा आणि परिचारिकांचा अनुभव आहे.

पूर्वीच्या बाळंतपणातील भय आज किती कमी झाले आहे, हेही या ठिकाणी लक्षात घेतले पाहिजे. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या त्यांच्या आजोळी झाला. हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. त्या बाळंतपणात त्यांच्या आई विठाबाई यांच्या जिवावर बेतले होते; गावात डॉक्टर नव्हता, दवाखाना नव्हता, आणि आजीने घरगुती उपचार करीत सागरोबाला साकडे घातले की लेकीच्या सुटकेला यश दे, मुलाचे नाव यशवंत ठेवीन. विठाबाई वाचल्या, परंतु त्या काळी अशा किती नवसांना यश आले नसेल, त्याची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही. मिरजेस डॉ. वानलेस यांनी उभारलेले मिशन हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू होते, पण अडलेल्या बाईला बैलगाडीतून तेथवर नेणे किती कुटुंबांना साधणार होते? आज महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती दवाखान्यांत होतात, २००५ नंतर गावोगाव नेमलेल्या आशा गर्भवतीची नोंद घेऊन तिला तपासणीस नेतात, आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलावता येते. जन्माच्या क्षणाचे भय अशा रीतीने पुष्कळ आटोक्यात आले आहे. आईचे उरलेले ओझे मात्र त्या मानाने हलके झाले नाही.

सव्वा महिना सरतो, बाळाला टोपडे घालून, कपाळाला तीट लावून लेक सासरी निघते, आणि तिथे पोहोचताच तिच्या वाट्याला जुनी सगळी कामे अधिक एक मूल असा हिशोब येतो. गोठ्यात दोन म्हशी असतात आणि डेअरीची वेळ बाळाच्या झोपेकडे पाहून ठरत नाही. द्राक्षबागेत छाटणीचे किंवा विरळणीचे दिवस असतात, हळदीची काढणी असते, खोडव्याला पाणी द्यायचे असते. सासूबाईंचे गुडघे दुखत असतात, थोरले पोर अंगणवाडीत जाते आणि दुपारी परत येते. सहा महिन्यांनंतर दुधाबरोबर घट्ट पेज, मऊ भात-वरण, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे असे वरचे अन्न दिवसातून अनेक वेळा, थोडे थोडे आणि सावकाश भरवावे लागते; आणि मूल नेमके याच काळात वाळू लागते, कारण ते सावकाश भरवायला कोणाला सवड नसते. कुपोषण हे केवळ दारिद्र्यातून येते असे आपण मानतो. ते घरातील माणसांच्या तुटवड्यातूनही येते, ही गोष्ट अंगणवाडीतील वजनकाट्यासमोर उभ्या राहणाऱ्या सेविकेला पुरती ठाऊक असते. उष्टावण थाटात होते, पण उष्टावणानंतरचा प्रत्येक घास आईलाच भरवावा लागतो.

या मुलखाच्या इतिहासाकडे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे ध्यानात येते. ज्यांच्यामुळे महाराष्ट्राचे आधुनिक जीवन घडले, त्यांपैकी कित्येकांचे बालपण जन्मदात्या आईखेरीज इतरांच्या हातांनी तोललेले होते. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे. जोतीराव तान्हे असतानाच त्यांच्या आई चिमणाबाई निवर्तल्या आणि नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आई भीमाबाई यांचे साताऱ्यात १८९६ मध्ये निधन झाले, तेव्हा धाकटा भीमराव जेमतेम पाच वर्षांचा होता. स्वतः शरीराने अधू असलेल्या मीराबाई या आत्याने त्या पोरक्या मुलांचा सांभाळ केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर चढले, आणि ज्या तारखेला महाराष्ट्र आता विद्यार्थी दिवस पाळतो, त्या मुलाला शाळेच्या दारापर्यंत सुखरूप आणण्यात त्या आत्याचा वाटा होता. यशवंतरावांच्या वडिलांना प्लेगने ओढून नेले, तेव्हा निरक्षर विठाबाईंनी माहेरच्या आधाराने मुले वाढवली आणि कऱ्हाडात त्यांना शिकवले. आणि खंडाळा तालुक्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले यांनी तर स्वतःला मूल नसताना १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह चालवण्यास हातभार लावला, तेथे आलेल्या असहाय विधवांची बाळंतपणे केली, आणि काशीबाई नावाच्या अशाच एका स्त्रीच्या मुलाला दत्तक घेऊन डॉक्टर केले.

याच माळेत लक्ष्मीबाई पाटील यांचे नाव आदराने घ्यावयास हवे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्यात बोर्डिंग चालवले, तेव्हा निरनिराळ्या जातींची, गरिबाघरची मुले एका पंगतीला जेवू घालण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. जुन्या संस्कारांत वाढलेल्या त्या बाईला हे एका दिवसात साधले नसेल. पण साधल्यानंतर त्यांनी हात आखडला नाही. धान्याला पैसा उरला नाही तेव्हा एकेक करून त्यांचे दागिने गेले आणि अखेरीस मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या अकाली निवर्तल्या. ज्या मुलांना त्यांनी जन्म दिला नव्हता, त्या मुलांच्या भाकरीसाठी सौभाग्याचे लेणे उतरवणारी ही स्त्री पाहिली म्हणजे मातृत्व हे केवळ देहाचे नाते नसून वेळ, श्रम आणि अन्न यांचे नाते आहे, याविषयी शंका राहत नाही. परंतु लक्ष्मीबाईंना वंदन करून आपण मोकळे झालो, तर त्यांच्याकडून आपण काही शिकलो असे म्हणता यावयाचे नाही. एकेका बाईच्या त्यागावर मुले वाढवणे ही समाजाची व्यवस्था होऊ शकत नाही. ती व्यवस्थेच्या अभावाची कबुली आहे.

व्यवस्थेचा विचार आपल्याकडे झाला नाही असे मात्र नव्हे. १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतीच्या काळात भत्ता देण्याचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. आंबेडकर यांनी त्याचा पुरस्कार करताना असे प्रतिपादन केले की प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. आईवाचून बालपण काढलेल्या साताऱ्याच्या त्या मुलाने कायदेमंडळात उभे राहून हे म्हणावे, यात एक गंभीर अर्थ आहे. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याने तो कायदा केला. हिंदुस्थानातील अशा स्वरूपाचा तो पहिला कायदा होय. स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये देशभरासाठी कायदा झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा, आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामावर असतील तेथे पाळणाघर, अशी तरतूद झाली. सव्वा महिन्याची विश्रांती जी रूढीने दिली, ती कायद्याने सहा महिन्यांपर्यंत वाढवली, ही मोठीच प्रगती होय. परंतु हा कायदा हजेरीपटावर नाव असलेल्या नोकरदार स्त्रीचा आहे. स्वतःच्या रानात राबणारी, दुसऱ्याच्या बांधावर रोजाने खुरपणारी, घरात शिवणयंत्र चालवणारी किंवा बाजारात माळवे विकणारी आई त्याच्या कक्षेत येत नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतील पाच हजार रुपयांची मदत आहे. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, पण तेवढ्यावर सहा महिने मजुरी सोडून घरी बसणे शक्य नाही, हे कोणीही मान्य करील.

ज्यांना सव्वा महिनाही लाभत नाही अशा माता पाहावयाच्या असतील, तर दिवाळीनंतर कृष्णाकाठच्या उसाच्या फडांत जावे. बीड, धाराशिवकडून आणि जत, आटपाडी, माण, खटाव या याच दोन जिल्ह्यांतील दुष्काळी तालुक्यांतूनही ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या परिसरात उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणून मोजले जाते आणि त्या कोयत्याच्या नावाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. बाई कामावर आली नाही तर खाडा धरला जातो. त्यामुळे कोपीतच बाळंत झालेली बाई थोड्याच दिवसांत पहाटेच्या अंधारात फडात उभी राहते. बाळ बांधावर झोळीत, नाहीतर पाचटावर अंथरलेल्या वाकळेवर. त्याच्याजवळ सहा-सात वर्षांची बहीण राखणीला, जिची शाळा त्या हंगामापुरती सुटलेली असते. थंडी, मोळ्यांनी लादलेल्या गाड्या-ट्रॅक्टरांची ये-जा, साप, आणि कऱ्हाड-शिराळा भागात उसात वावरणारे बिबटे, एवढ्या सगळ्यांच्या मध्ये ते मूल वाढत असते. मुलाला दूध पाजायला आई फडातून किती वेळा बाहेर येऊ शकेल, हे तिची माया ठरवीत नाही, मोळ्यांचा हिशोब ठरवतो. ज्या साखरेच्या पैशातून या मुलखात महाविद्यालये, दवाखाने आणि बँका उभ्या राहिल्या, त्या साखरेच्या पायथ्याशी ही आई उभी आहे; आणि हंगामाचे सहा महिने फडाजवळ एक सावलीची जागा, एक सांभाळणारी बाई आणि गरम अन्न एवढी व्यवस्था करणे या समृद्ध कारखानदारीला अशक्य नाही.

आईची निगा बाळाच्या लिंगावर अवलंबून ठेवण्याचे पापही आपल्या हातून घडले आहे. दुसरी किंवा तिसरी मुलगी झाली की खुराक आटतो, बाळंतविड्याची रांग लहान होते, आणि कित्येक घरांनी तर त्या मुलीचे नाव नकुशी ठेवून आपली नाराजी तिच्या जन्मदाखल्यावर कायमची कोरली. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. मुलींनी स्वतः निवडलेली नावे प्रमाणपत्रावर लिहून त्यांच्या हाती ठेवली, हा त्या जिल्ह्याच्या प्रशासनाने केलेला एक पुण्यकारक उपक्रम होता. परंतु त्याच वर्षीच्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात ८९४ आढळली, जी २००१ मध्ये ९१३ होती. मूल मुलगा होणार की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. आईचा त्यात काडीचाही दोष नसतो, हे विज्ञानाचे साधे सत्य अजूनही प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत पोहोचलेले नाही, आणि ते पोहोचवण्याची जबाबदारी प्रत्येक सुशिक्षित माणसावर आहे.

दुसरीकडे कुटुंबाचा आकारही पालटला आहे. खानापूर-आटपाडी भागातील असंख्य तरुण सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पांगले आहेत. त्यांच्या बायका ज्या गावात कोणी मराठी बोलत नाही अशा गावातील दोन खोल्यांत तान्ही मुले वाढवीत असतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) सारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या जवान सैन्यात गेले, आणि त्यांच्या घरी बाप सुट्टीपुरताच मुलांच्या ओळखीचा राहिला. पुण्या-मुंबईला नोकरीस गेलेल्या जोडप्याकडे कधी आजी जाऊन राहते, तर कधी मूलच आजीकडे ठेवावे लागते. पूर्वी एका मुलाभोवती जे आठ-दहा हात असत, ते आता दोनावर आले आहेत, आणि तेही बहुतेक वेळा एकाच माणसाचे. अशा एकटेपणात प्रसूतीनंतर पुष्कळ स्त्रियांना कारण नसताना रडू येते, झोप उडते, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही. पहिल्या काही दिवसांतील ही उदासी बहुधा आपोआप ओसरते. पण ती दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर तो उपचाराने बरा होणारा आजार समजून डॉक्टरांकडे जावे. त्याला बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे करीत बसणे, किंवा आई होऊनही ही अशी कशी म्हणून तिला बोल लावणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच निर्दय आहेत.

या परिस्थितीत सार्वजनिक आधार म्हणून आपल्या हाती जी सर्वांत मोठी गोष्ट आहे ती अंगणवाडी. ताराबाई मोडक आणि त्यांच्या शिष्या अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचाराने जे काम केले, त्याचा आदर्श पुढे देशापुढे राहिला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. सेविका आणि मदतनीस या दोघी मिळून मुलांचे वजन-उंची घेतात, दंडाचा घेर मोजतात, आहार देतात, लसीकरणाच्या दिवशी आयांना घरोघर जाऊन बोलावतात आणि तीन वर्षांवरील मुलांना गाणी-गोष्टी शिकवतात. गावातील प्रत्येक मुलाची प्रकृती ज्यांना पाठ असते अशा या स्त्रियांना मात्र पगार नव्हे, मानधन मिळते. आणि त्यात वाढ व्हावी म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना राज्यभर संप करावा लागला. शिवाय अंगणवाडी दुपारपर्यंतच भरते आणि तीन वर्षांखालच्या मुलाला ती दिवसभर सांभाळत नाही. म्हणजे रानात किंवा कामावर जाणाऱ्या आईची जी मुख्य अडचण, ती तिथेही सुटत नाही. अंगणवाडीला जोडूनच पाळणाघर चालवण्याची केंद्राची पाळणा नावाची योजना २०२२ पासून आहे. तिचा लाभ ज्या गावाला हवा असेल त्याने तो मागून घेतला पाहिजे.

गावाने काय करावे, याचे उत्तर गावाच्याच हातात आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करावा, असा दंडक आहे. हा निधी बऱ्याच ठिकाणी एखाद्या प्रशिक्षण शिबिरावर किंवा साहित्यवाटपावर खर्ची पडतो. त्याऐवजी सुगीच्या आणि गळिताच्या दिवसांपुरते एक पाळणाघर, त्यात गावातीलच दोन प्रौढ स्त्रियांना रास्त मोबदला, स्वच्छ पाणी आणि मुलांसाठी दोन वेळचे मऊ अन्न, एवढी तरतूद ग्रामसभेत मागितली तर ती नाकारण्याचे कारण कोणाला देता येणार नाही. म्हसवडसारख्या दुष्काळी गावात १९९७ मध्ये स्त्रियांनी स्वतःची बँक उभी केली. ज्या मुलखातील बायका बँक चालवू शकतात, त्यांना पाळणाघर चालवणे अवघड नाही.

आणि घराने काय करावे, याचे उत्तर सर्वांत आधी बापाने द्यायचे आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना बाळाच्या जन्मानंतर पंधरा दिवसांची रजा मिळते. पण ज्याला रजा नाही त्यालाही रात्रीचा एक पहर मिळतोच. रडणारे मूल खांद्यावर घेऊन येरझारा घालणे, लंगोट धुणे, लसीच्या दिवशी उपकेंद्रात रांगेत उभे राहणे, पेज भरवताना तासभर न कंटाळता बसणे, यांपैकी एकाही कामाला बाईचाच हात लागतो असे नाही. दूध पाजणे तेवढे आईचे. बाकीचे सारे संगोपन शिकून येणारे आहे, आणि जावळ काढण्यासाठी मुलाला घेऊन पालीच्या खंडोबाला किंवा खरसुंडीच्या सिद्धनाथाला जेवढ्या उत्साहाने बाप निघतो, तेवढ्या उत्साहाने तो ते शिकला, तर आईचे अर्धे ओझे त्याच घरात उतरेल. आपल्या पूर्वजांनी आईसाठी सव्वा महिना राखून ठेवला, तो त्यांच्या ऐपतीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे राखला. आपली ऐपत त्यांच्याहून मोठी आहे, आपली समजूतही वाढलेली आहे. तेव्हा मुलाच्या पहिल्या सहा वर्षांची जबाबदारी आई, बाप, आजी, गाव, कारखाना आणि सरकार यांनी वाटून घ्यावी, आणि ती वाटणी मर्जीवर न सोडता सव्वा महिन्याच्या रीतीइतकीच बंधनकारक मानावी, एवढे मागणे या मुलखातील कोणत्याही आईने केले तर ते वाजवीच आहे.